तेराव्या महिन्याविना

दुष्काळात तेरावा महिना, असे आपण सहज म्हणून जातो. कोठारात धान्य नाही आणि त्यात वर्षाला आणखी एक महिना चिकटला. म्हणजे तीस दिवस जास्त चूल पेटवायची. म्हणीतला हा महिना कुणी कल्पनेने काढलेला नाही. तो अधिक मास. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगात येतोच. त्याला आपण मलमास म्हणून हिणवले, मग पुरुषोत्तमाच्या पदरात घातले आणि शेवटी धोंड्याचा महिना करून जावयाला पुरणाचे धोंडे नि अनारसे वाढले. एवढी उस्तवार कशासाठी? चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. मधली अकरा दिवसांची तूट भरली नाही तर श्रावण उन्हाळ्यात जाईल आणि होळी पावसात विझेल.

ही तूट बाबिलोनी लोकांनी भरली, ज्यूंनी भरली, चिन्यांनी भरली, आपण भरली. हिजरी कालगणनेने ती भरायला साफ नकार दिला. शेजारीपाजारी तेरावा महिना घेत होते, स्वतःच्या मुलखातही तसा रिवाज चालू होता, तरी तो काढून टाकला. एखाद्या कवितेत कवीने कोणता शब्द टाळला आहे हे कळले, की सगळी कविता निराळी दिसू लागते. हिजरी दिनदर्शिका मला तशी वाचावीशी वाटते. तिची सगळी गंमत, आणि सगळी अडचणसुद्धा, त्या गाळलेल्या महिन्यात आहे.

संहिता छोटीच आहे, बारा नावांची: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. मूळ अरबी उच्चार थोडे वेगळे आहेत. ही रूपे आपल्या जुन्या मोडी कागदांतली. कारकुनांच्या बोरूखालून जाता जाता 'रबी उल अव्वल'चे रबिलावल झाले, 'झुल हिज्जा'चे जिल्हेज. मराठीच्या तोंडात ती इतकी मुरली आहेत की मी तीच वापरतो.

नावे एकदा मोठ्याने वाचा. यांतली निम्मीशिम्मी रानातून आलेली आहेत. रबी म्हणजे वसंत, पाऊस पडून गेल्यावरची हिरवी चराई. जमादीच्या मुळाशी थिजण्याचा, घट्ट होण्याचा अर्थ आहे. जुन्या अरबी कोशकारांपैकी कुणी म्हणतो पाणी थिजते म्हणून जमादी, कुणी म्हणतो जमीन कोरडी ठणठणीत होते म्हणून. साबान म्हणजे पांगापांग, पाण्याच्या शोधात टोळ्या चहूकडे विखुरण्याचा काळ. रमजानच्या पोटात तापल्या दगडावाळूचा चटका आहे. सवाल हे नाव तर थेट उंटांच्या कळपातून उठून आले: सांडणी शेपूट वर उचलते त्या क्रियेवरून. बारा नावांत एका अख्ख्या वाळवंटी वर्षाचे चित्र उभे राहते. तंबू हलताहेत, विहिरी आटताहेत, जनावरे माजावर आली आहेत.

यातल्या 'रबी'पाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबायला हवे, कारण आपण हा शब्द रोज वापरतो. रब्बीचा हंगाम तो हाच. अरबी रबी म्हणजे वसंत, आणि वसंतात काढणीला येणारे पीक ते रब्बी. खरीप हाही अरबीच, त्याचा अर्थ शरद. रबी या एकाच शब्दाची दोन पोरे. एक आपल्या शेतात राहिले आणि ज्वारी-हरभऱ्याला धरून वर्षानुवर्षे जागच्या जागी आहे. दुसरे दिनदर्शिकेत गेले आणि त्याने वसंताशी संबंधच तोडला. रबिलावल जुलैत येतो, डिसेंबरात येतो, कधी फिरत फिरत खऱ्या वसंतातही येतो, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत पुन्हा निघून जातो.

सफरची गोष्ट वेगळी. देवनागरीत वाचणाऱ्याला वाटते हा प्रवासाचा महिना. अरबीत दोन्ही शब्दांचे 'स' वेगवेगळे आहेत. महिन्याच्या नावातला 'स' रिकामेपणाच्या धातूतला. माणसे बाहेर पडायची, घरे ओस पडायची, म्हणून सफर, असे जुने स्पष्टीकरण आहे. आपल्या शून्याला अरबांनी 'सिफ्र' हा शब्द दिला, तो याच धातूतला. म्हणजे वर्षाचा दुसरा महिना शून्याचा सख्खा नातेवाईक. आपण चुकून त्याला प्रवास समजतो, आणि चुकूनही फार लांब जात नाही. घर रिकामे झाले म्हणजे माणूस कुठेतरी गेलाच असणार.

उरलेल्या नावांत समाजाचे कायदे आहेत. मोहरम म्हणजे निषिद्ध, रजब म्हणजे आदराचा, जिल्काद म्हणजे बसून राहण्याचा, जिल्हेज यात्रेचा. या चार महिन्यांत लढाई करायची नाही, असा इस्लामपूर्व अरबांतलाही दंडक होता. जिल्काद, जिल्हेज आणि मोहरम सलग येतात, आणि त्यामुळे यात्रेकरूंना, व्यापाऱ्यांना, ताइफजवळच्या उकाझच्या बाजारात माल घेऊन जाणाऱ्यांना तीन महिने रस्ता मोकळा. रजब एकटाच मध्ये पडतो. लूटमारीवर पोट असलेल्या टोळ्यांना तलवार म्यान करून सलग तीन महिने काढणे जड जात असणार, हे नावांच्या क्रमावरूनच कळते.

इथे 'नसी'चा संबंध येतो. नसी म्हणजे पुढे ढकलणे. यात्रा संपताना किनाना टोळीतल्या एका घराण्याचा माणूस उभा राहून पुढच्या वर्षाचा निर्णय जाहीर करायचा. त्या पदाला 'कलम्मस' म्हणत. तो नेमके काय ढकलायचा, यावर अभ्यासकांचे दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते तो आपल्या अधिक मासासारखा एक महिना घुसवायचा, म्हणजे यात्रा आणि बाजार सोयीच्या ऋतूत राहायचे. अल्-बिरुनीने इसवी सन 1000च्या सुमारास कालगणनांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो हेच सांगतो, आणि अरब ही विद्या ज्यूंकडून शिकले असेही म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते तो फक्त मोहरमचे पावित्र्य सफरवर ढकलायचा, म्हणजे मोहरमात धाड घालायला हरकत नाही. काहीही असो, एक गोष्ट दोन्हींत सारखीच: महिना कोणता, हे आकाश ठरवत नव्हते, एक माणूस ठरवत होता. आणि ज्याच्या हातात महिना, त्याच्या हातात तह, बाजार आणि लढाई.

कुराणाच्या नवव्या सूरेत नसीवर कडक ठपका आहे आणि महिन्यांची संख्या बारा ठरवून दिलेली आहे. 632 साली पैगंबर महंमदांनी शेवटची हजयात्रा केली. त्या यात्रेतल्या प्रवचनातही काळ फिरून आपल्या मूळ जागी आला आहे, या अर्थाचे बोलणे परंपरेने जपले आहे. तीन महिन्यांनी ते गेले. त्यानंतर कलम्मस उभा राहिला नाही, आणि तेरावा महिनाही आला नाही.

ऋतू काढून घेतले तरी नावे मात्र तशीच ठेवली. ही गोष्ट मला या संहितेत सगळ्यात काव्यमय वाटते. कुणी सुधारक असता तर म्हणाला असता, आता वसंताचा वसंताशी संबंध राहिला नाही, तेव्हा महिन्यांना पहिला, दुसरा, तिसरा म्हणा. तसे झाले नाही. तापल्या वाळूचा महिना थंडीत येतो आणि तरी त्याला तापल्या वाळूचाच म्हणतात. खरे तर हिजरी दुसऱ्या वर्षीचा रमजान, ज्यात बद्रची लढाई झाली, तोच मार्चमध्ये पडला होता. नाव आणि ऋतू तेव्हाही जुळत नव्हते. साधारण 33 चांद्रवर्षांत 32 सौरवर्षे बसतात, तेव्हा प्रत्येक महिना तेवढ्या काळात सगळ्या ऋतूंतून एक फेरी मारतो. साठ-पासष्ट वर्षे जगलेल्या माणसाच्या आयुष्यात या दोन फेऱ्या होतात.

याचा एक परिणाम रोज्यांवर होतो. 2018 साली रमजान मे-जूनमध्ये होता. नागपुरात त्या उन्हात दिवसभर पाण्याचा थेंब न घेता रोजा धरणाऱ्याला विचारा. पण तोच माणूस पुढे कधीतरी डिसेंबरातल्या लहान, गार दिवसांत रोजे धरणार. केप टाउनला कित्येक शतके मुसलमान वस्ती आहे. रमजान जूनला बांधला असता तर त्यांना कायम हिवाळ्यातले आखूड रोजे मिळाले असते आणि कैरोवाल्यांना कायम लांबलचक. फिरत्या महिन्यामुळे कष्टाची वाटणी सगळ्यांत होते. सातव्या शतकात कुणी हा हिशेब मांडून तेरावा महिना काढला असे मी म्हणत नाही. पण चांगल्या रचनेत कर्त्याच्या मनात नसलेले अर्थही उमलतात.

आता वर्षांबद्दल. महिने होते, पण वर्षांना आकडे नव्हते; वर्षे नावाने ओळखली जात. मक्केवर हत्ती घेऊन स्वारी आली ते हत्तीचे वर्ष, तसे. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात राज्य इराक, सीरिया, इजिप्तपर्यंत पसरले आणि हे चालेनासे झाले. बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी यांनी तक्रार केली, की आपली पत्रे येतात पण त्यांवर तारीख नसते. आणखी एक आख्यायिका अशी, की उमरांपुढे एक दस्त आला, त्यावर नुसते 'साबान' लिहिलेले. कोणता साबान, गेला की चालू की येणारा, हे कुणालाच सांगता येईना. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा प्रसंग पटेल. कालगणना धर्मातून आली असे आपण म्हणतो. हिची वर्षे मात्र दप्तरातून आली.

17 हिजरीत, म्हणजे 638च्या सुमारास, मसलत बसली. वर्ष कुठून मोजायचे? पैगंबरांच्या जन्मापासून, पहिल्या साक्षात्कारापासून, निधनापासून, की मक्का सोडून मदिनेला गेले त्या हिजरतीपासून? हिजरत ठरली, परंपरा ती सूचना हजरत अलींची मानते. निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. जन्म नाही, विजय नाही. घर सोडून जाण्याच्या घटनेला पहिले वर्ष दिले. त्यातही हिजरत घडली रबिलावलमध्ये, पण वर्ष रबिलावलपासून धरले नाही. मोहरम हाच आधीपासून पहिला महिना होता, यात्रेकरू घरी परतण्याचा. तोच ठेवला आणि सनाची सुरुवात दोन महिने मागे नेली. म्हणून हिजरी सनाचा पहिला दिवस, 16 जुलै 622, हा हिजरतीचा दिवस नाही. त्या दिवशी पैगंबर मक्केतच होते.

'तारीख' हा शब्दही याच मसलतीच्या आसपास फिरतो. बिरुनीने दिलेल्या कथेत एक इराणी सरदार फारसी 'माहरोज' सुचवतो आणि त्यातून अरबांनी तारीख बनवली असे म्हटले आहे. कथा छान आहे, व्युत्पत्ती बहुधा खोटी. शब्दाचे मूळ जुन्या सेमिटिक भाषांत आहे: हिब्रूत 'यारेआख' म्हणजे चंद्र, अक्कादीत 'वर्खु' म्हणजे महिना. त्याच घराण्यातली ही तारीख. कोर्टात वकील पुढची तारीख मागतो तेव्हा तो नकळत चंद्राचे नाव घेतो. आणि तारखेचे अनेकवचन तवारीख, म्हणजे इतिहास.

ही नवी तारीख प्रत्यक्ष कागदावर कशी दिसते? व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, इजिप्तमधल्या इहनास गावचा. पावती आहे, 65 मेंढ्यांची. अरब फौजेच्या एका सेनानीने आपल्या नावाड्यांसाठी, घोडेस्वारांसाठी आणि चिलखती पायदळासाठी मेंढ्या घेतल्या: पन्नास आणि वर पंधरा. मजकूर दोन भाषांत आहे, ग्रीक आणि अरबी. ग्रीक भागात इजिप्तचा सौर महिना, फार्मूथी, तारीख 30. अरबी भागात जमादिलावल, सन बावीस. इसवी 643चा एप्रिल.

या पावतीपुढे मी बराच वेळ घालवला आहे, अर्थात छायाचित्रातून. अक्षर घाईचे, सरळसोट. उमर तेव्हा हयात होते. सन ठरवून पाचच वर्षे झाली होती आणि तो नाईलकाठच्या एका गावातल्या मेंढ्यांच्या हिशेबापर्यंत पोचला होता. 'हिजरी' हा शब्द तिच्यात नाही. कुठल्या घटनेपासून बावीस, हे सांगायची लिहिणाऱ्याला गरजच वाटली नाही. आणि एकाच कागदावर दोन काळ शेजारी-शेजारी: वरचा नाईलच्या पुराला आणि पिकाला बांधलेला, खालचा कशालाच न बांधलेला. थिजण्याचा महिना, एप्रिलातल्या इजिप्तमध्ये. पुढच्या तेराशे वर्षांत जे भांडण होणार होते, ते या चतकोर तुकड्यावर आधीच मांडून ठेवले आहे.

महिना किती दिवसांचा? याचे उत्तर एका प्रसिद्ध हदीसमध्ये हाताने दिले आहे. पैगंबरांनी दोन्ही पंजे पसरून तीनदा दाखवले. तिसऱ्या वेळी एक अंगठा मिटला. दहा, दहा आणि नऊ. नंतर पुन्हा तीनदा दाखवले, अंगठा न मिटता. म्हणजे कधी एकोणतीस, कधी तीस. आपल्या लोकांना लिहिता-मोजता येत नाही, या कबुलीसकट हे सांगितलेले आहे.

तो अंगठा डोळ्यांपुढे ठेवा. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटे जातात. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या दिवसाच्या मधोमध. बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी, आपल्या सिद्धान्तकारांनी या आकड्यामागे आयुष्ये घालवली. इथे तो एका अंगठ्यात आला. अंगठा उघडा की मिटलेला, ते दर महिन्याला संध्याकाळी पश्चिमेला ठरते. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य बुडाल्यावर कोर दिसली तर नवा महिना लागला. नाही दिसली, ढग आले, तर तीस पूर्ण करायचे. दिवसही सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ईदच्या आधी चांदरात येते आणि वर्तमानपत्रात बातमी येते, की चंद्रदर्शन झाल्यास ईद सोमवारी, अन्यथा मंगळवारी. हे 'अन्यथा' मला फार आवडते. उपग्रह सोडणाऱ्या युगात सरकारी सुट्टीचा निर्णय संध्याकाळच्या ढगांवर सोडलेला आहे.

याचा अर्थ मुसलमानांना गणित येत नव्हते असा नाही. उलट कोर कधी दिसेल हा प्रश्न त्यांच्या ज्योतिषाला कामाला लावणारा ठरला. सूर्यसिद्धान्तात चंद्र सूर्यापासून 12 अंश दूर गेला की दिसू लागतो असे धरले आहे. 12 अंश म्हणजे आपली एक तिथी. हा ठोकताळा बगदादला गेला आणि सुरुवातीच्या अरबी ज्योतिष्यांनी तो वापरला. पुढे मशिदींत वेळ राखणारे 'मुवक्कित' नेमले गेले. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत हे काम इब्न अश्-शातिरसारखा अव्वल खगोलज्ञ करत होता.

नुसत्या गणितावर चालणारी हिजरीही आहेच. एक महिना तीसचा, एक एकोणतीसचा, आणि तीस वर्षांत अकरा वर्षी जिल्हेजला एक दिवस जास्त. तीस वर्षांचे 10,631 दिवस होतात, आणि चंद्राशी एका दिवसाचा फरक पडायला अडीच हजार वर्षे लागतात. कैरोच्या फातिमी खलिफांची हीच पद्धत, आणि दाऊदी बोहऱ्यांची आजही. म्हणून मुंबईत भेंडीबाजाराच्या एका गल्लीत रोजे सुरू झालेले असतात आणि पलीकडच्या गल्लीत लोक अजून पश्चिमेकडे बघत असतात. गणित सुंदर आहे. तरी मला मिटलेला अंगठा जास्त प्रिय. त्यात चुकायला जागा ठेवली आहे.

आता दोष. शेतकऱ्याला ही कालगणना निरुपयोगी आहे. चांद्रवर्षावर सारा वसूल केला तर 32 पिकांवर 33 वेळा सारा पडेल. वसुली सूर्याने आणि पगार चंद्राने ही ओढाताण प्रत्येक मुसलमानी राजवटीला सोसावी लागली. बगदादच्या खलिफा अल्-मुअतदिदने 895 साली वसुलीचा नवरोज 11 जूनवर नेला. आणि अगदी परवा, 2016 साली, सौदी अरबस्तानाने सरकारी नोकरांचे पगार हिजरीवरून इंग्रजी महिन्यांवर आणले. वर्षाला अकरा दिवसांचा पगार वाचला.

दख्खनेत याच अडचणीतून जे निघाले, ते मात्र मला एक स्वतंत्र कलाकृती वाटते. शुहूर सन, म्हणजेच मृगसाल. 1344 साली, महंमद तुघलकाच्या काळात, हिजरी 745 चालू असताना, तोच आकडा घेऊन एक सौरवर्ष सुरू झाले. सूर्य मृगात शिरला की नवे साल. पेरणीचा मुहूर्त हाच वर्षारंभ. आकडे मात्र अरबी शब्दांत, आणि एककापासून सुरुवात. खमस सबैन व अलफ: पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे 1075. मृग लागल्यावरच्या काळासाठी त्यात 599 मिळवा, 1674 येते, शिवराज्याभिषेकाचे वर्ष. त्या वेळी हिजरी सन 1085 होता. एकाच आकड्यावरून निघालेल्या दोन कालगणनांत तीनशे तीस वर्षांत दहा वर्षांचे अंतर पडले. चंद्र पुढे धावला, मृग जागच्या जागी राहिला. फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, नवा राज्याभिषेक शक सुरू झाला, तरी पेशवाईअखेरपर्यंत कागदांवर शुहूर सन आणि हिजरी महिने टिकून राहिले.

मोडी शिकायला बसलो तेव्हा पत्राच्या शेवटी 'छ 7 जमादिलाखर' असे काहीतरी दिसायचे. या 'छ'ला मी कित्येक दिवस छत्रपती समजत होतो, आणि सांगायला लाज वाटते, एकदा तसे मोठ्याने वाचलेही. शिकवणारे गृहस्थ हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. 'छ' म्हणजे चंद्र. सात चंद्र जमादिलाखर: कोर दिसल्यापासूनची सातवी रात्र. म्हणजे त्या एका ओळीत वर्ष मृगाचे, आकडा अरबी, महिना वाळवंटाचा, दिवस चंद्राचा, आणि लिहिणारा पुण्याच्या फडातला ब्राह्मण किंवा प्रभू कारकून. दुपारी तो घरी जाऊन शालिवाहन शकाने एकादशी धरणार.

दोन्ही कालगणना आकाशात एकाच कोरीकडे बघतात, म्हणून त्यांची पावलेही एकत्र पडतात, मधला तेरावा महिना सोडून. हे डोळ्यांनी बघायचे तर गणपती घ्या. 2018, 2019, 2020 अशी तीन वर्षे भाद्रपद आणि मोहरम एकदम आले. गणपती आणि ताबूत एकाच आठवड्यात. 2020 साली अधिक आश्विन पडला, आणि 2021, 2022चे गणपती सफरमध्ये गेले. 2023 साली अधिक श्रावण पडला, आणि पुढचे तीन गणपती रबिलावलमध्ये आले. त्यातल्या पहिल्याच वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी 28 सप्टेंबरला एकत्र आली. मुंबईच्या मुसलमानांनी जुलूस एक दिवस पुढे नेला. दर अधिक मासाला आपला भाद्रपद त्यांच्या एका महिन्याने पुढे जातो. त्यांनी गाळलेला महिना आपण घेतो, त्याची ही पावती.

2026 सालात ज्येष्ठ अधिक आहे. त्या वर्षी गणपती बसतील 14 सप्टेंबरला, रबिलाखरच्या पहिल्या-दुसऱ्या चंद्राला. म्हणजे रबिलाखरची कोर शोधायला लोक नुकतेच गच्चीवर जाऊन आलेले असतील, आणि चतुर्थीच्या संध्याकाळी तीच कोर चुकून दिसू नये म्हणून आपण मान खाली घालून घरी येऊ.